मास्तरांच्या कमरेला पिस्तूल

२०२३ च्या मे महिन्यात मी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेला गेलो होतो. ती टेक्सास राज्यात, डॅलस शहराच्या एका उपनगरात राहते. तिथली घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. तोच विटांचा रंग, तीच हिरवळ, तीच पांढरी दारं. एका संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडलो आणि परतताना एक गल्ली आधीच वळलो. ज्या घराची बेल वाजवली ते बहिणीचं नव्हतं. अंगात कुर्ता-पायजमा, तोंडावर दाढी. आतला पडदा हलला, कुणीतरी पाहिलं, पण दार उघडलं नाही. चूक लक्षात आली तसा मी हात हलवला आणि चालू लागलो.

घरी येऊन ही फजिती हसत हसत सांगितली. बहीण हसली नाही. "भाईजान, इथं अनोळखी दारात असं उभं राहू नका," ती म्हणाली. "तुम्हाला बघून समोरचा काय समजेल, सांगता येत नाही."

तिच्या भीतीला कारण होतं. आदल्याच महिन्यात मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत १६ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा धाकट्या भावांना आणायला गेला आणि त्याने चुकीच्या घराची बेल वाजवली. ८४ वर्षांच्या घरमालकाने दारातूनच त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मुलगा नशिबाने वाचला. मी पोचलो त्याच महिन्यात डॅलसजवळच्या ॲलन इथल्या मॉलमध्ये गोळीबार होऊन ८ माणसं मारली गेली होती. त्यात आपल्या हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअरही होती.

माझी भाची तिसरीत होती. तिने मला शाळेतल्या कवायतीबद्दल सांगितलं. दिवे मालवायचे, दाराला आतून कुलूप लावायचं, खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचं. "आणि मामू, खोकला आला तरी खोकायचं नाही." मग आवाज खाली आणून तिने एक गुपित सांगितलं. शाळेतल्या कुण्या तरी टीचरकडे बंदूक असते म्हणे. कुणाकडे ते मुलांना सांगत नाहीत.

माझे अब्बा उर्दू प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्या झब्ब्याच्या खिशात खडूचे तुकडे सापडायचे. भाचीचं बोलणं ऐकल्यापासून दोन प्रश्न मनात राहिले. घाबरलेल्या माणसाच्या हातात कायदा बंदूक कशी देतो? आणि ती शाळेपर्यंत कशी पोचते? परतल्यावर बरंच वाचलं. त्यातून जो इतिहास हाती लागला, तो इथं मांडतो आहे.

किल्ला आणि रस्ता

प्रत्येकाचं घर हा त्याचा किल्ला, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १७व्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड कोक या कायदेपंडिताने नोंदवलं. घरात घुसलेल्या हल्लेखोरापुढे माघार घ्यायची गरज नाही, असा त्याचा अर्थ. उंबरठ्याबाहेर मात्र नियम वेगळा होता. रस्त्यात कुणी अंगावर आलं तर शक्य असेल तोवर मागे हटायचं, भिंतीला पाठ टेकली की मगच जीव वाचवायला हत्यार उचलायचं. कारण माणसाचा प्राण घेण्याचा अधिकार राज्याचा होता, तो कुणाही वाटसरूला सहज मिळत नव्हता.

आपल्याकडे इंग्रजांनी १८६० मध्ये जो दंडविधान आणला, त्यातही स्वसंरक्षणाचा हक्क आहे आणि नव्या न्याय संहितेतही तो कायम आहे. पण त्याला लगाम आहेत. सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. आणि बचावासाठी जेवढी इजा आवश्यक, त्यापेक्षा जास्त करता येत नाही.

अमेरिकेने हा लगाम हळूहळू सैल केला. यादवी युद्धानंतरच्या काळात, १८७६ मध्ये ओहायो आणि १८७७ मध्ये इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयांनी निकाल दिले की निर्दोष माणसावर हल्ला झाला तर त्याने पळून जावं अशी अपेक्षा कायदा करू शकत नाही. अशा माणसासाठी 'खरा पुरुष' असे शब्द न्यायालयांनी वापरले. १९२१ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याच दिशेचा निकाल दिला.

हा 'खरा पुरुष' कोण, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. युद्ध संपल्याबरोबर मिसिसिपीसारख्या दक्षिणेतल्या राज्यांनी नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना बंदूक बाळगायला मनाई करणारे कायदे केले होते. पुढे १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर या संघटनेचे तरुण, तेव्हाच्या कायद्याला धरूनच, भरलेल्या बंदुका घेऊन उघडपणे फिरू लागले. तेव्हा गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी तातडीने त्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही केली. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेने तेव्हा त्या बंदीला पाठिंबा दिला होता. हक्क सर्वांचा होता, पण तो कुणी वापरला यावर त्याचं भवितव्य ठरलं.

भीतीला मिळालेलं संरक्षण

१७ ऑक्टोबर १९९२ रोजी लुईझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरात योशिहिरो हत्तोरी हा १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या मेजवानीला निघाला होता. एका सिनेमातल्या नाचणाऱ्या नायकासारखे कपडे त्याने घातले होते. घर चुकलं. दाराची बेल वाजली, घरातल्या बाई घाबरल्या, त्यांनी नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. नवऱ्याने इंग्रजीत 'जागीच थांब' असं बजावलं. हत्तोरी हसतमुखाने पुढे आला आणि गोळी लागून मेला. पुढच्या वर्षी ज्युरीने त्या घरमालकाला निर्दोष सोडलं. हत्तोरीच्या आईवडिलांनी जपानमध्ये सुमारे १७ लाख सह्या गोळा केल्या आणि राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची भेट घेतली. अमेरिकी घरांतून बंदुका हटाव्यात, एवढीच त्यांची मागणी होती.

झालं मात्र उलटं. २००५ मध्ये फ्लोरिडा राज्याने 'स्टँड युवर ग्राउंड' या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. नावाचा अर्थ, जागेवरून हलू नका. किल्ल्याचा नियम आता रस्त्यालाही लागू झाला. जिथं जायचा तुम्हाला हक्क आहे अशा कुठल्याही ठिकाणी, जीव धोक्यात आहे असं वाजवी कारणाने वाटलं, तर माघार न घेता थेट गोळी झाडता येईल. इतकंच नाही, अशा माणसाला खटल्यापासून आणि नुकसानभरपाईच्या दाव्यापासूनही संरक्षण मिळालं.

हा कायदा मंजूर व्हावा म्हणून एक घटना पुन्हा पुन्हा सांगितली गेली. २००४ च्या इव्हान चक्रीवादळानंतर एका वृद्धाने आपल्या ट्रेलरमध्ये शिरलेल्या माणसाला ठार केलं, आणि आपल्यावर खटला होणार की नाही याची वाट पाहत त्या बिचाऱ्याला महिनोन् महिने काढावे लागले, अशी ती कहाणी. त्याला ना अटक झाली होती, ना त्याच्यावर आरोप ठेवला गेला होता. म्हणजे जुना कायदा त्याला वाचवायला पुरेसा होता. मेलेला माणूस वादळग्रस्तांच्या मदतीसाठी आलेला हंगामी कामगार होता आणि निःशस्त्र होता. ही दुसरी बाजू मात्र फारशी कुणी सांगितली नाही.

फ्लोरिडाचं पाहून दोन डझनांहून अधिक राज्यांनी असे कायदे केले. मग २६ फेब्रुवारी २०१२ ची रात्र आली. सॅनफर्ड गावात १७ वर्षांचा ट्रेव्हॉन मार्टिन दुकानातून गोळ्या-चॉकलेट आणि शीतपेय घेऊन परतत होता. वस्तीवर पहारा देणाऱ्या जॉर्ज झिमरमन या हौशी रखवालदाराला तो संशयास्पद वाटला. मागे जायची गरज नाही, असं पोलिसांच्या फोनवरून सांगितलं गेलं होतं. झटापट झाली आणि मुलगा गोळी लागून मेला. झिमरमनला अटक व्हायला सहा आठवडे लागले. बचाव पक्षाने नव्या कायद्यातली वेगळी सुनावणी मागितली नाही, पण ज्युरीला दिलेल्या सूचनांमध्ये माघार घेण्याची गरज नव्हती हे कलम होतंच. जुलै २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला.

या कायद्याने लोक सुरक्षित झाले का? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात फ्लोरिडातल्या २००५ नंतरच्या हत्यांचा हिशेब मांडला आहे. हत्यांचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी वाढलं, बंदुकीने होणाऱ्या हत्यांचं सुमारे ३२ टक्क्यांनी. ज्या राज्यांत असा कायदा नव्हता तिथं तशी वाढ दिसली नाही.

मला आकड्यांइतकीच कायद्याची भाषा बोचते. 'वाजवी भीती' म्हणजे कुणाच्या नजरेतली? रात्री हूडी घालून चालणारा काळा मुलगा, दारात उभा असलेला दाढीवाला, वेगळी भाषा बोलणारा पाहुणा यांची भीती समाजात आधीच पेरलेली असते. कायदा त्या भीतीला वाजवी ठरवतो, आणि जो मेला त्याला आपली बाजू मांडता येत नाही.

वर्गात आलेली बंदूक

शाळेत बंदूक नेण्याच्या मागणीला मोठं बळ मिळालं ते २०१२ च्या डिसेंबरमध्ये. कनेटिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि शाळेतली ६ मोठी माणसं मारली गेली. आठवड्याभरात रायफल असोसिएशनचे वेन लापिएर यांनी पत्रकार परिषद घेऊन मांडलं की वाईट माणसाच्या बंदुकीला चांगल्या माणसाची बंदूक हेच उत्तर आहे, तेव्हा प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक नेमा. टेक्सासमधलं हॅरल्ड हे छोटं गाव त्याच्याही पुढे होतं. पोलीस लांब आहेत म्हणून तिथल्या शाळेने २००७ मध्येच शिक्षकांना पिस्तूल बाळगण्याची परवानगी दिली होती.

आता हा उपाय इतिहासाच्या कसोटीवर लावून बघू. एप्रिल १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत १२ विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले, तेव्हा शाळेवर सशस्त्र पोलीस नेमलेला होता. त्याने हल्लेखोरावर गोळ्या झाडल्या, एकही लागली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंड इथं १७ जण मारले गेले, तेव्हा शाळेचा सशस्त्र पोलीस इमारतीबाहेर थांबून राहिला. मे २०२२ मध्ये टेक्सासच्या युव्हाल्डी गावात १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्या दिवशी शाळेत एकूण ३७६ पोलीस आणि सुरक्षा कर्मचारी जमा झाले होते. हल्लेखोराला संपवायला ७७ मिनिटं लागली. बाहेर पालक हातापाया पडत होते आणि आतून मुलं फोन करत होती.

या पोलिसांना भित्रे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांचा अभ्यास सांगतो की समोरून गोळ्या येत असताना त्यांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी साधारण १८ टक्केच निशाण्यावर लागतात. नोकरीच नेमबाजीची, सराव वर्षानुवर्षांचा, तरी ही गत. मग फळ्यावर अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईंनी, ३० किंचाळणारी मुलं आजूबाजूला पळत असताना, काय करावं अशी अपेक्षा आहे? १९८० ते २०१९ मधल्या शाळांवरच्या १३३ घटना तपासणाऱ्या एका संशोधनात सशस्त्र रक्षकामुळे बळी कमी झाल्याचं आढळलं नाही. उलट जिथं रक्षक होता तिथं मृत्यूचं प्रमाण पावणेतीन पटींहून अधिक निघालं. हल्लेखोरांतले बरेच मरायच्या तयारीनेच आलेले असतात, त्यांना बंदुकीचा धाक वाटत नाही.

तरी कायदे होत राहिले. पार्कलंडनंतर फ्लोरिडाने शाळेतल्या कर्मचाऱ्यांना सशस्त्र करण्याची योजना आणली आणि तिला ॲरन फाइस यांचं नाव दिलं. फाइस हे त्या शाळेतले फुटबॉलचे सहायक प्रशिक्षक. त्यांच्याकडे बंदूक नव्हती. मुलांच्या आडवे होऊन त्यांनी गोळ्या अंगावर घेतल्या. २०१९ मध्ये ही योजना वर्गशिक्षकांनाही खुली झाली. ओहायोमध्ये शिक्षकाला बंदूक बाळगायची तर ७०० तासांहून जास्त प्रशिक्षण लागत असे. युव्हाल्डीच्या घटनेनंतर महिन्याभरात तिथल्या सरकारने ही अट जास्तीत जास्त २४ तासांवर आणली. आपल्याकडे शिवणकामाचा वर्गही याहून लांब चालतो.

पार्कलंडला महिना होत असतानाच कॅलिफोर्नियात एका शिक्षकाच्या हातून वर्गात गोळी सुटली आणि एक विद्यार्थी जखमी झाला. हे शिक्षक राखीव पोलीसही होते, आणि त्या वेळी ते मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेचा धडा देत होते.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवतो. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटा राज्यात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय माणसाची मोटार पोलिसांनी अडवली. तो एका शाळेच्या भोजनगृहात काम करायचा, तिथल्या शेकडो मुलांना नावाने ओळखायचा. त्याच्याकडे परवाना असलेलं पिस्तूल होतं आणि कायद्याला मान देऊन त्याने तसं पोलिसाला सांगितलं. काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. त्या पोलिसाने आपल्याला जिवाची भीती वाटल्याचं सांगितलं आणि ज्युरीने त्याला सोडलं. शाळेतल्या चांगल्या माणसाच्या हाती बंदूक हवी म्हणणाऱ्यांना हा चांगला माणूस का दिसला नाही?

दुसरा प्रसंग सप्टेंबर २०१५ चा, माझ्या बहिणीच्या घरापासून फार लांब नसलेल्या अर्विंग गावचा. अहमद नावाचा १४ वर्षांचा, सुदानी कुटुंबातला मुलगा घरी तयार केलेलं घड्याळ शिक्षकांना दाखवायला शाळेत घेऊन गेला. वर्गात ते वाजलं आणि शिक्षिकेला बॉम्बची शंका आली. पोलीस आले, मुलाला बेड्या घातल्या, शाळेने तीन दिवसांसाठी काढलं. गुन्हा काही नव्हताच. पुढे राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला घड्याळ घेऊन व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, पण कुटुंब काही काळ देश सोडून कतारला गेलं. त्या दिवशी शंका आलेल्या शिक्षिकेच्या हाती फक्त मुख्याध्यापकांना कळवण्याचा मार्ग होता, म्हणून निभावलं. मला राहून राहून वाटतं, त्या टेबलाच्या खणात पिस्तूल असतं तर?

पेशावर आणि चारसद्दा

हा प्रश्न एकट्या अमेरिकेचा नाही. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये तालिबानच्या हल्ल्यात १४० हून अधिक जीव गेले, त्यात १३२ मुलं होती. मुख्याध्यापिका ताहिरा काझी मुलांना सोडून जायला तयार झाल्या नाहीत, त्याही मारल्या गेल्या. महिन्याभरात खैबर पख्तुनख्वाच्या प्रांतिक सरकारने शिक्षकांना शाळेत शस्त्र बाळगायची मुभा दिली. शिक्षिकांसाठी पोलिसांनी दोन दिवसांचं बंदूक प्रशिक्षण घेतलं. सरकारचं म्हणणं साधं होतं. शाळा हजारो आणि पोलीस अपुरे. शिक्षकांच्या संघटनेने मात्र विरोध केला. आमचं काम शिकवण्याचं, पहारा देण्याचं काम सरकारचं, असं त्यांनी बजावलं. त्याच वर्षी स्वात खोऱ्यातल्या एका शाळेत शिक्षकाच्या बंदुकीतून चुकून गोळी सुटली आणि एक विद्यार्थी मेला.

इथं मला माझ्या मताविरुद्ध जाणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे. २० जानेवारी २०१६ रोजी चारसद्दा इथल्या बाचा खान विद्यापीठावर हल्ला झाला आणि सुमारे २० जण मारले गेले. सय्यद हामिद हुसैन हे रसायनशास्त्राचे तरुण प्राध्यापक पिस्तूल घेऊन हल्लेखोरांसमोर उभे राहिले. आत राहा, असं त्यांनी विद्यार्थ्यांना ओरडून सांगितलं. त्यांनी हल्लेखोरांना थोडा वेळ गुंतवून ठेवलं म्हणून आम्ही पळू शकलो, असं वाचलेल्या मुलांनी सांगितलं. ते स्वतः वाचले नाहीत.

त्या माणसाच्या शौर्यापुढे मी मान झुकवतो. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही. पण एका प्राध्यापकाचं बलिदान सरकारी धोरणाचा आधार होऊ शकत नाही. फाइस निःशस्त्र होते, ताहिरा काझी निःशस्त्र होत्या, हामिद हुसैन यांच्याकडे पिस्तूल होतं. तिघेही मुलांसाठी मेले. शिक्षकावर अशी वेळ येऊ न देणं हे राज्याचं पहिलं काम होतं. ते जमलं नाही की सरकार शिक्षकाच्या हातात बंदूक देतं आणि ही आपली जबाबदारी होती हेच विसरून जातं. पुढच्या हल्ल्यानंतर दोषही मग त्या शिक्षकाच्याच माथी येतो.

हल्ल्याचा दिवसही विसरण्यासारखा नाही. ज्यांचं नाव त्या विद्यापीठाला आहे, त्या खान अब्दुल गफार खान यांची ती पुण्यतिथी होती आणि त्यांच्या स्मरणार्थ विद्यापीठात त्या दिवशी मुशायरा ठेवला होता. बाचा खान याच चारसद्दा भागातल्या उत्मानझाईचे. घराघरात बंदूक आणि पिढ्यान् पिढ्या चालणारा सूड, अशा समाजात ते जन्मले. त्यावर त्यांनी पहिला उपाय केला तो शाळांचा. १९२१ मध्ये उत्मानझाईत त्यांनी आझाद शाळा काढली. १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार उभे केले आणि हजारो पठाणांकडून हिंसा आणि सूड सोडण्याची शपथ घेतली. एप्रिल १९३० मध्ये पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात इंग्रजांनी निःशस्त्र जमावावर गोळीबार केला, तेव्हा चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदार शिपायांनी गोळी चालवायला नकार देऊन शिक्षा पत्करली. आपल्या वर्ध्यालाही बाचा खान राहून गेले आहेत. १९३४ मध्ये सरहद्द प्रांतात जायला बंदी होती म्हणून ते गांधीजींजवळ तिथं राहिले, आणि मुंबईतल्या एका भाषणासाठी पोलिसांनी त्यांना वर्ध्यातूनच पकडून नेलं.

या माणसाला भीती ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? त्यांना पठाणांच्या बंदुकीचा हिशेब ठाऊक होता. ती जितक्यांदा शत्रूवर चालली, त्याहून जास्त वेळा भाऊबंदांवर चालली होती.

अब्बांचा नकार

डिसेंबर १९९२ मध्ये आमच्या मोहल्ल्यातही रात्री जागून काढल्या जात होत्या. मी तेव्हा शाळकरी होतो. एका रात्री चार-पाच जण अब्बांकडे आले. वर्गणी काढून काही 'सामान' आणून ठेवावं, गुरुजींच्या घरावर कुणी संशय घेणार नाही, म्हणून ते इथं ठेवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. अब्बांनी सगळ्यांना चहा पाजला आणि नाही म्हणाले. "हत्यार घरात आलं की आधी घरातल्यांनाच त्याला भिऊन राहावं लागतं," एवढंच ते बोलले. लोक नाराज होऊन गेले. अम्मी त्यांच्यावर चिडली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या रात्री ते भित्रे वाटले. शाळा उघडली त्या दिवशी ते नेहमीसारखे सायकलवरून गेले. वर्गात निम्मी मुलंही नव्हती. जी आली त्यांना त्यांनी पाढे म्हणायला लावले.

हे सगळं आज आठवायचं कारण बातम्यांतच आहे. २०२५ च्या मे महिन्यात आसाम सरकारने धुबरी, बारपेटा, नगाव यांसारख्या भागांतल्या 'मूळनिवासी' नागरिकांना बंदुकीचे परवाने सढळ हाताने देण्याचा निर्णय जाहीर केला. हे सगळे भाग बंगाली बोलणाऱ्या मुसलमानांच्या मोठ्या वस्तीचे. परवाना देताना सरकार कारण सांगतं ते असुरक्षिततेचं. मी फ्लोरिडाचा, ओहायोचा आणि पेशावरचा कागद वाचला आहे, त्यात हाच शब्द आहे. कुणाला कुणापासून असुरक्षित वाटतं हे सरकारनेच ठरवून टाकलं, की एका बाजूला बंदूक जाते आणि दुसऱ्या बाजूला चूक होण्याची मुभा उरत नाही. वाट चुकण्याची नाही, घड्याळ वाजण्याची नाही, दारात जास्त वेळ उभं राहण्याचीही नाही.

भाची आता माध्यमिक शाळेत आहे. परवा तिने फोनवर विचारलं, "मामू, तुमच्या शाळेत ड्रिलला काय करायचे?" मी म्हणालो, आमच्याकडे दर शनिवारी सकाळी कवायत असायची. मैदानावर, उन्हात, दारं सताड उघडी ठेवून. गुरुजी शिट्टी वाजवायचे. तिला ते खरं वाटेना. शिट्टीने एवढी मुलं ऐकायची कशी, हे ती विचारत राहिली.